ट्रामच्या डेपोत जुन्या गाड्या

बर्लिनच्या मोआबिट भागात, वीबेस्ट्रासे या रस्त्यावर, विटांची एक अवाढव्य जुनी शेड आहे. १९०१ मध्ये ती बांधून पूर्ण झाली तेव्हा शहराच्या ट्रामगाड्या रात्री तिथे मुक्कामाला येत. मे २००३ पासून तिच्यात जुन्या मोटारी उभ्या असतात. त्या तिथे कशासाठी असतात, याचे उत्तर मात्र एका दमात देता येत नाही. काही दुरुस्तीला आलेल्या असतात, काही विक्रीला लावलेल्या, काही नुसत्याच सांभाळायला ठेवलेल्या. आणि एखादीचा मालक आतल्याच रेस्टॉरंटमध्ये जेवत बसलेला असतो. क्लासिक रेमीझे हे या जागेचे आजचे नाव. सुरुवातीला ती मायलेनवेर्क म्हणून ओळखली जाई, २०१० मध्ये नाव बदलले. आत जायला तिकीट नाही. रस्त्यावरून जाणारा कोणीही सहज आत शिरू शकतो आणि कारागिरांच्या काचेला नाक लावून उभा राहू शकतो.

गॅरेज, शोरूम, गाड्यांचे गोदाम, खाण्याची जागा आणि समारंभाचा हॉल अशा पाच गोष्टी एका छपराखाली आणण्याची ही कल्पना वरवर पाहता हौसेची वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे रोकडा हिशोब आहे, आणि तो समजायचा तर आधी जुनी गाडी दुरुस्त करणे म्हणजे काय, हे पाहावे लागते.

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार हा एक धंदा नाही, आठ-दहा धंद्यांची मोट आहे. काम सुरू होते ते गाडी उघडण्यापासून. प्रत्येक भाग सुटा करायचा, त्याचा फोटो काढायचा, नट-बोल्ट चिठ्ठी लावून पिशवीत भरायचे. हा टप्पा कंटाळवाणा असतो, पण दोन वर्षांनी गाडी परत जोडताना सगळी भिस्त त्या पिशव्यांवरच असते. मग रंग उतरवून पत्रा उघडा केला जातो आणि गाडीची खरी प्रकृती तेव्हाच कळते. दाराखालच्या पोकळ पट्ट्या, चाकांवरच्या कमानी, फरशीचे कोपरे अशा पाणी साचणाऱ्या जागा आतून खाल्लेल्या असतात आणि वर पुट्टीचा जाड थर चढवलेला असतो. पहिला अंदाज इथेच मोडतो. पोर्शने १९७५ पासून ९११ या गाडीचा सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यातून बनवायला घेतला. त्याआधीच्या आणि नंतरच्या गाड्या शेजारी उघडून ठेवल्या तर जस्ताचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

पत्र्याचे काम करणारा कारागीर या सगळ्या साखळीतला सर्वांत दुर्मीळ माणूस. गंजलेला भाग कापून तिथे नवा पत्रा बसवायचा, तर तो बाजारात तयार मिळेलच असे नाही. मग सपाट पत्रा दोन रुळांच्या चाकयंत्रातून पुन्हा पुन्हा फिरवून, ठोकून, ताणून त्याला गोलाई आणावी लागते. जोड लपवायला आज पॉलिएस्टर पुट्टी वापरतात. पूर्वी तिथे शिसे आणि कथील यांचा मिश्रधातू भरत. हा मिश्रधातू १८३ अंश सेल्सियसला मऊ पडू लागतो आणि त्यानंतर बराच वेळ लोण्यासारखा राहतो. त्या अवस्थेत तो लाकडी फळीने पसरवायचा आणि थंड झाल्यावर कानशीने घासून सारखा करायचा. ज्योत जरा जास्त लागली की सगळे वितळून खाली. शिशाची भुकटी विषारी असल्यामुळे मुखपट्टी आणि हवा खेचणारी यंत्रणा लागते, शिवाय हे काम शिकवणारे थोडे उरले आहेत. तरीही चांगल्या कार्यशाळा ते सोडत नाहीत, कारण पुट्टी काही वर्षांनी जोडाच्या रेषेवर तडकू शकते, शिसे तडकत नाही.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कित्येक गाड्यांना तर सुताराचीही गरज पडते. त्या काळी इंजिन आणि चासी कारखान्यातून येई आणि वरची बॉडी वेगळा कारागीर बांधून देई: ॲश जातीच्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर खिळ्यांनी मढवलेला पत्रा. वरून गाडी धडधाकट दिसते, पण दार उचलून लावावे लागते, कारण बिजागरीमागचे लाकूड कुजलेले असते. त्याच काळातल्या इंजिनांत क्रँकशाफ्टचे बेअरिंग सुटे मिळत नाहीत. कथिलाचा पांढरा मिश्रधातू वितळवून तो जागेवरच ओततात आणि मग यंत्रावर नेमक्या मापाला कापतात. हे काम करणारा माणूस लाकडाला हात लावत नाही, आणि सुतार बेअरिंगला.

बर्लिनच्या शेडमध्ये हे अंतर आणखी ठळक होते, कारण तिथे दोन जर्मनींच्या गाड्या येतात. पश्चिमेची मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल घ्या. वर उघडणाऱ्या दारांची ही गाडी १९५४ ते १९५७ या काळात फक्त १,४०० बनली. चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणारी ही पहिली विक्रीची मोटार. तिचा बॉश कंपनीचा यांत्रिक पंप जुळवायला खास चाचणीयंत्र लागते, आणि ते यंत्र चालवणारा माणूस दिवसभर फक्त पंपच पाहतो. आता पूर्वेची ट्राबांट पाहा. त्स्विकाऊच्या कारखान्यातून १९९१ पर्यंत ती सुमारे तीस लाख बाहेर पडली. तिचे वरचे भाग कापसाचा भुगा आणि रेझिन दाबून केलेल्या ड्युरोप्लास्टचे आहेत. ते गंजत नाहीत, पण पत्र्यासारखे ठोकून सरळही होत नाहीत. तडा गेला की भरायचा किंवा तो भाग बदलायचा. मात्र आतला सांगाडा पोलादी आहे आणि तो इतर कोणत्याही गाडीइतकाच गंजतो. एका गाडीची किंमत दुसरीच्या कित्येक पट असली तरी दोघींनाही आपापला जाणकार लागतो, आणि ट्राबांटचा जाणकार आज फार सहज सापडतो असेही नाही.

यानंतर गादीकाम करणारा, वायरिंगवाला, क्रोम चढवणारा, घड्याळे आणि मीटर दुरुस्त करणारा, रंगारी. कारखान्यात हे सगळे एका आवारात होते. कारखान्याने ते मॉडेल बंद केले की ही माणसे विखुरतात, आणि पुढे त्या गाडीच्या मालकाला त्यांना शोधत फिरावे लागते. गाडी एका कार्यशाळेतून दुसरीकडे ट्रेलरवर जाते. प्रत्येक खेपेला भाडे, विमा आणि ओरखड्याची भीती. त्याहून वाईट असते ती वाट पाहणे. पत्रा झाल्याशिवाय रंग नाही, रंग झाल्याशिवाय वायरिंग नाही, वायरिंग झाल्याशिवाय गादी नाही. पंपवाला तीन महिने अडकला की बाकी सगळे हात बांधून बसतात आणि उघडलेली गाडी मधोमध पडून राहते. उघडलेली गाडी उभ्या गाडीच्या दुप्पट-तिप्पट जागा खाते: दारे भिंतीला टेकवलेली, इंजिन स्टँडवर, काचा रॅकवर.

म्हणून या धंद्यात हत्यारांइतकीच जागा महाग पडते. कारागीर तासांचे पैसे लावतो, पण न होणाऱ्या कामाचे तास लावता येत नाहीत, जागेचे भाडे मात्र चालूच असते. मोठ्या शहरात फक्त दुरुस्तीच्या जोरावर हजारो चौरस मीटरची शेड चालवणे जवळपास अशक्य आहे. शहर सोडून स्वस्त जागेत जावे, तर गिऱ्हाईक आणि शिकाऊ मुले दोन्ही दुरावतात. क्लासिक रेमीझेसारख्या जागांचे गणित या पेचातून निघाले. कार्यशाळा छोट्या आणि स्वतंत्र ठेवायच्या, त्यांना एका छताखाली शेजारी-शेजारी भाड्याने जागा द्यायची, आणि त्यांच्या मधला प्रशस्त भाग अशा कामांना लावायचा जी जागेचे भाडे सहज उचलतात. गाड्या विकणारे दलाल, सुटे भाग आणि पुस्तके विकणारी दुकाने, गाड्या ठेवण्याच्या पेट्या, जेवणावळी. इथे कार्यशाळा एकमेकींच्या नोकर नसतात. पत्रेवाल्याला रंगाऱ्याकडे गाडी ढकलत नेता येते, इतकेच. पण त्या ‘इतक्या’ने बराच वेळ वाचतो.

अशा कामाला ट्रामचा डेपो बरोबर जुळतो. डेपो म्हणजे मुळात जड चाकांची वाहने आत घेण्यासाठी, तपासण्यासाठी आणि रात्रभर ठेवण्यासाठी केलेली इमारत. फरशी वजन पेलणारी, दारे उंच आणि रुंद, मधे खांब कमी, आणि कामगारांना दिसावे म्हणून छतातून येणारा उजेड. हा उजेड पत्रे आणि रंगकामाच्या दृष्टीने सोन्यासारखा. ट्यूबलाइटखाली नीट दिसणारा पृष्ठभाग दिवसाच्या उजेडात लाटा दाखवतो. मोआबिटचा डेपो त्या वेळच्या मोठ्या डेपोंपैकी एक होता, शेकडो ट्राम मावतील इतका. पश्चिम बर्लिनने बस आणि भुयारी रेल्वेसाठी ट्राम टप्प्याटप्प्याने बंद केल्या, आणि २ ऑक्टोबर १९६७ रोजी तिथली शेवटची ट्राम धावली. पूर्व बर्लिनमध्ये त्या चालूच राहिल्या. मोआबिटच्या शेडचा मूळ उपयोग १९६० च्या दशकातच संपला, पण ती वारसा-इमारत म्हणून संरक्षित असल्याने पाडून तिथे काही नवे उभारण्याचा मार्ग बंद होता. शहरातल्या अशा इमारतींचा प्रश्न हाच असतो: त्या पाडता येत नाहीत, आणि ज्यासाठी बांधल्या ते काम उरलेले नसते. इथून जवळच हुटेनस्ट्रासेवर पेटर बेरेन्स यांनी १९०९ मध्ये रचलेली एईजी कंपनीची टर्बाइन बनवण्याची शेड आहे, आधुनिक वास्तुकलेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात येणारी. मोआबिट हा असा कामगारांचा, कारखान्यांचा भाग. चारी बाजूंनी स्प्रे नदी आणि कालव्यांनी वेढलेला. जुन्या मोटारींचे गॅरेज तिथे परके वाटत नाही.

शेडमध्ये पहिल्यांदा येणाऱ्याचे लक्ष कार्यशाळांच्याही आधी काचेच्या पेट्यांकडे जाते. एका गाडीपुरत्या या पेट्या ओळीने मांडलेल्या आहेत, काही एकावर एक. प्रत्येक पेटी कोणीतरी भाड्याने घेतलेली असते आणि आतली गाडी त्या माणसाची असते. जुन्या बर्लिनमधल्या चाळवजा इमारतींना गॅरेज नसते. मालकाला गाडी रस्त्यावर उभी करावी लागते आणि १९६० ची गाडी हिवाळाभर मीठ टाकलेल्या रस्त्यावर ठेवणे म्हणजे तिला गंजाच्या हवाली करणे. पेटी हा त्यावरचा उपाय. पण पेटी काचेची का, याला उत्तर वेगळे आहे. बंद गोदामात ठेवलेली गाडी कोणाला दिसत नाही. काचेत ठेवलेली गाडी मालकाचा अभिमान पोसते आणि शेडला फुकटात प्रदर्शनही मिळवून देते. संग्रहालयाला गाड्या विकत किंवा उसन्या आणाव्या लागतात. इथे मालकच आपली गाडी दाखवण्याचे भाडे देतो. धंद्याच्या दृष्टीने सगळ्या योजनेतला हा सर्वांत हुशार भाग म्हणावा लागेल.

नुसते उभे राहणेही गाडीला मानवत नाही, त्यामुळे पेटीतल्या हवेकडे लक्ष द्यावे लागते. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाचे गंजणे झपाट्याने वाढते. ४० च्या खाली गेली की चामडे आणि लाकूड आकसून तडकते. म्हणून ५० टक्क्यांच्या आसपास राहणे सर्वांत सोयीचे. बॅटरीला सतत थोडा थोडा विद्युतभार देणारा चार्जर जोडलेला असतो. महिनोन्‌महिने एकाच जागी उभ्या गाडीचे टायर खाली चपटे होतात, म्हणून त्यात हवा जरा जास्त भरतात किंवा गाडी अधूनमधून पुढे-मागे सरकवतात. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषते आणि सिलिंडर आतून गंजू लागतो; ते दर दोनेक वर्षांनी बदलणे बरे. पेट्रोलची तऱ्हा आणखी निराळी. २०११ पासून जर्मनीत दहा टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि जुने रबरी पाइप व गॅस्केट त्याने खराब होतात. शिसेयुक्त पेट्रोलवर वाढलेल्या इंजिनांचे व्हॉल्व्ह-सीट आता शिसे मिळत नसल्याने झिजतात, तिथे कडक पोलादाची कडी बसवावी लागते. पेटीचे भाडेकरू अशा बारीकसारीक कामांसाठी शेजारच्याच कार्यशाळेत जातात. ठेवणे आणि दुरुस्त करणे एकाच छताखाली असण्याचा खरा फायदा हा असावा: मोठ्या जीर्णोद्धारांच्या मधल्या काळात कारागिराचे रोजचे घर या किरकोळ कामांवर चालते.

संध्याकाळी मधली मार्गिका रिकामी केली जाते. विक्रीच्या गाड्या कडेला सरकतात, टेबले येतात, पांढरे कापड पसरते, एखाद्या कंपनीचे जेवण किंवा नव्या मोटारीचे अनावरण होते. ही अदलाबदल वाटते तितकी सोपी नसते. सरकवता येईल अशीच गाडी मधे ठेवावी लागते, आणि चालू न होणारी गाडी सरकवायला चाकांखाली छोट्या ट्रॉल्या घालाव्या लागतात. जमिनीवर तेलाचा थेंब चालत नाही, म्हणून प्रत्येक जुन्या इंजिनाखाली तबक. समारंभाच्या गर्दीत गाड्या असल्या की टाकीत इंधन कमी ठेवणे आणि बॅटरी सोडवणे ही जगभरच्या प्रदर्शनांतली रीत आहे. मार्गिका आगीच्या वेळी बाहेर पडण्याचीही वाट असते. तिथे शोभेसाठी लावलेली एखादी गाडीसुद्धा आधी अग्निशमनाच्या नकाशात बसली पाहिजे. ठोकण्याचे, घासण्याचे काम पाहुणे येण्याआधी थांबते. कारागिरांना हे नेहमीच आवडते असे नाही, पण पाहुण्यांच्या भाड्यावर छत टिकते, हे त्यांनाही ठाऊक असते.

काचेमागे दिसणारे काम म्हणजे संपूर्ण काम नव्हे, हेही सांगायला हवे. गाडीचा जुना रंग वाळूच्या किंवा सोड्याच्या फवाऱ्याने उतरवतात, तेव्हा धूळ उडते; क्रोमच्या मुलाम्यात षट्संयुजी क्रोमियमची अत्यंत विषारी संयुगे वापरली जातात; रंगाच्या खोलीतून ज्वालाग्राही बाष्प बाहेर पडते. जिथे वरच्या मजल्यावर लोक जेवतात तिथे असली कामे करू देणारी महापालिका सापडणार नाही. ती शहराबाहेरच्या ठिकाणी होतात आणि गाडी स्वच्छ होऊन परत येते. त्यामुळे अशा शेडमध्ये जुळवणी, इंजिन, वायरिंग, गादीकाम, पॉलिश यांचे प्रमाण जास्त दिसते. पाहणाऱ्याचा समज होतो की जीर्णोद्धार म्हणजे पांढऱ्या हातमोज्यांनी केलेली नाजूक कलाकुसर. खरा घाम बाहेरच गळून गेलेला असतो.

गिऱ्हाईक मुळात एवढा खर्च का करते, यात कायद्याचाही वाटा आहे. जर्मनीत १९९७ पासून ३० वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला नंबरपाटीच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळू शकते. त्यासाठी अधिकृत परीक्षक गाडी तपासतो: स्थिती चांगली हवी, मुख्य भाग मूळचे हवेत, आणि बदल केलेले असलेच तर ते त्या काळातले हवेत. हे अक्षर मिळाले की मोटारीला वर्षाला १९१.७३ युरो असा ठरावीक कर पडतो, इंजिन कितीही मोठे असो. त्याहून मोठी सवलत म्हणजे प्रदूषणाचे निर्बंध लागू होत नाहीत. १ जानेवारी २००८ पासून बर्लिनच्या गोल रेल्वेमार्गाच्या आतला सारा भाग पर्यावरण-क्षेत्र आहे. धुराच्या अटी न पाळणारी गाडी तिथे चालवता येत नाही. मोआबिटची शेड त्या गोलाच्या आत येते. म्हणजे ज्या गाड्यांसाठी ती आहे त्यातल्या बहुतेक, ते एक अक्षर नसते, तर स्वतःच्या चाकांवर दारापर्यंतही पोहोचू शकल्या नसत्या.

भारताने २०२१ मध्ये अशीच तरतूद केली, पण मर्यादा कडक ठेवली: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल नाही, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी चालत नाही. मुंबईत या कामातले कारागीर आहेत, सुट्या भागांसाठी कुर्ला आणि चोर बाजार आहेत. मात्र प्रत्येकाचे दुकान वेगळ्या गल्लीत आणि गाडीमालकाची पायपीट ठरलेली. इथे मोट बांधणारे छत अजून उभे राहिलेले नाही.

जर्मनीत ‘एच’ देणाऱ्या परीक्षकाच्या नजरेचा कार्यशाळेतल्या निर्णयांवर परिणाम होतो. एक काळ असा होता की जीर्णोद्धार म्हणजे गाडी नवीपेक्षाही चकचकीत करणे. आता उलट दिशेचा ओढा आहे. जुन्या वाहनांच्या क्लबांच्या जागतिक महासंघाने, फिवाने, २०१२ मध्ये ट्युरिनची सनद मान्य केली. तिचा गाभा असा की शक्य तिथे जुने टिकवावे, बदललेले भाग ओळखता यावेत, आणि काय केले याची नोंद ठेवावी. ही सनद १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या वाटेने जाते, आणि ती सनद इमारतींच्या जतनासाठी आहे. मोआबिटच्या शेडला विटांबद्दल जे नियम लागू आहेत, तेच तत्त्व आतल्या मोटारींना लागू होते. जुनी वीट शक्य तोवर ठेवा, तशी जुनी गादीही ठेवा. फाटकी मूळ गादी ठेवायची की सुंदर नवी बसवायची, यावर मालक आणि गादीवाला यांच्यात वाद झाला तर आजकाल गादीवाला जुन्याच्या बाजूने बोलतो, स्वतःचे काम घालवून.

बर्लिनच्या पाठोपाठ २००६ मध्ये ड्यूसेलडॉर्फला हीच कल्पना रेल्वेच्या जुन्या गोल इंजिन-शेडमध्ये आली. पूर्वी जिथे एकेका फाट्यावर वाफेचे इंजिन उभे राही, तिथे आता गाड्या आणि दुकाने. २००९ मध्ये श्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगेनला जुन्या विमानतळावर तिसरे केंद्र उघडले; तिथे हॉटेलही आहे आणि काही खोल्यांत पलंगच मोटारीच्या बॉडीचे आहेत. इथे कारागिरीचा तोल मौजेकडे झुकला, असे म्हटले तर फारसे चूक ठरणार नाही.

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या बिस्टर गावी या कल्पनेने घेतलेले वळण अधिक विचार करण्याजोगे आहे. तिथे एक शेड नव्हती, अख्खा वायुदलाचा तळ होता. १९२० च्या दशकाच्या मध्यापासून वायुदलप्रमुख ह्यू ट्रेंचर्ड यांच्या काळातल्या विस्तारात तो बांधला गेला. इमारती मुद्दाम दूर-दूर आणि झाडांमध्ये ठेवल्या होत्या, एका बाँबने सगळे जाऊ नये म्हणून. २५ ऑक्टोबर १९३९ रोजी हॅलिफॅक्स बाँबरने पहिले उड्डाण केले ते इथूनच. पुढे तळ ओस पडला, आणि २०१३ मध्ये संरक्षण खात्याकडून ३४८ एकरांची ही जागा बिस्टर हेरिटेज या कंपनीने विकत घेतली. प्रत्येक इमारत आधीपासूनच एका कामासाठी बांधलेली होती: विमानांचे हँगर, कार्यशाळा, इंजिन तपासण्याची जागा, पॅराशूटचे कोठार. आता त्या एकेका छोट्या धंद्याला दिल्या आहेत. इंजिनवाला, पत्रेवाला, गाड्या सांभाळणारा, गाड्या विकणारा असे चाळीसहून अधिक भाडेकरू, आणि त्यांत एक बिअर बनवणारासुद्धा. हँगरमध्ये गाड्या कोरड्या हवेत ठेवल्या जातात. पूर्वी तिथे ग्लायडरही उडत.

वर्षातून काही रविवारी फाटक उघडते आणि लोक आपापल्या जुन्या गाड्या घेऊन येतात. बर्लिनमध्ये जी भूमिका रात्रीच्या जेवणाची, तीच इथे या रविवारांची. फरक असा की बर्लिनचे पाहुणे गाड्या पाहतात, बिस्टरचे गाड्या घेऊनच येतात, आणि त्यातले बरेच पुढे भाडेकरूंचे गिऱ्हाईक होतात. इमारती अलग असल्याने एकीचा आवाज दुसरीला लागत नाही, रंगाची खोली आणि खाण्याची जागा यांच्यामध्ये झाडे आहेत. शहराच्या आत बसणाऱ्या बर्लिनच्या शेडला ही चैन परवडत नाही.

बिस्टरने आणखी एक गोष्ट केली जी जर्मन केंद्रांत मध्यवर्ती नाही. हेरिटेज स्किल्स अकॅडमी ही कारागिरीची शाळा त्याच आवारात आहे. शिकाऊ मुले-मुली जुन्या गाड्यांची यांत्रिकी, पत्रेकाम, गादीकाम शिकतात. त्यांचा बराचसा काळ नोकरी देणाऱ्या कार्यशाळेत जातो आणि ठरावीक आठवडे शाळेत. पत्रा ताणणारे चाक, शिसे भरायची फळी, कार्ब्युरेटर जुळवणे या गोष्टी आजच्या सर्वसाधारण मोटार-मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात येत नाहीत, कारण आजच्या गॅरेजला त्यांची गरज नाही. एका गॅरेजला शिकाऊ ठेवणे जड जाते: तो दोन वर्षे काम बिघडवतो आणि शिकला की सोडून जातो. पण चाळीस गॅरेजे एका आवारात असली की एकाने सोडलेला शिकाऊ फारतर फाटकापर्यंत जातो आणि शेजारच्या दारात कामाला लागतो.